अकरा महिन्यांचा भाऊ, साडेतीन वर्षांची बहीण आणि एक परात

दोन्ही मुलांना हाताने चिवडायचे, स्पर्शाचे खेळ घरच्या घरी कसे द्यावेत, असं तुम्ही पत्रात विचारलंय. आधी ते पाकीट. पाण्यात फुगणारे रंगीत मणी मागवलेत, पाकीट अजून फोडलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. फोडू नका. रंगीत तांदूळ करावेत का, स्लाइम घरी बनवता येतं का, ‘अन्नाशी खेळ कसला?’ म्हणणाऱ्या सासूबाईंना काय सांगायचं, मुलगी ओल्या-चिकट वस्तूला हात का लावत नाही, या तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येतेच. पण रांगणारं, दिसेल ते तोंडात घालणारं मूल घरात असताना ते मणी कितीही उंच फळीवर ठेवलेत तरी नकोत.

हे मणी मुळात फुलदाणीत आणि कुंडीत पाणी धरून ठेवायला म्हणून निघाले. डायपरमध्ये ओल शोषणारा जो पदार्थ असतो, त्याच जातीचा हा. कोरडा मणी मोहरीएवढा, पाण्यात काही तास राहिला की गोटीएवढा. काही तर लिंबाएवढे होतात. मुलाने गिळला की हेच पोटात घडतं. फुगलेला मणी आतड्यात अडकतो, मूल उलट्या करायला लागतं, पोट फुगतं. गिळताना कुणी पाहिलेलं नसतं आणि साध्या एक्स-रेत तो सहसा दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरांनाही उलगडा व्हायला वेळ लागतो. शेवटी ऑपरेशन करून काढावा लागलेली मुलं आहेत. कानात किंवा नाकात गेला तर तिथल्या ओलीनेही तो फुगतो. अमेरिकेत 2023 च्या अखेरीस ॲमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेट या मोठ्या दुकानांनी मुलांसाठी म्हणून हे मणी विकणं बंद केलं. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण तीच वस्तू ‘सजावट’ किंवा ‘बागकाम’ म्हणून विकली की त्या नियमाच्या कचाट्यातून सुटते. पाकिटावर ‘बिनविषारी’ छापलेलं असेल आणि ते खरंही असेल. तो मणी विषामुळे नव्हे, फुगण्यामुळे जिवावर येतो.

टाकताना बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, पाइपात फुगून बसतील. पाकीट तसंच दुसऱ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या.

त्या मण्यांची गंमत काय असते? बोटांतून सुळकन निसटणं, गार लागणं, मुठीत दाबल्यावर पळून जाणं. ती सगळी साबुदाण्यात आहे. मोठा साबुदाणा भिजवून, भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, चाळणीत ओतून गार पाण्याने धुवायचा. दाणे सुटे राहतात, काचेसारखे दिसतात. अंगठा आणि बोट यांच्यात विनासायास चिरडला गेला तरच द्यायचा. मध्ये पांढरा टिपका राहिला असेल तर अजून शिजवायचा. धाकट्याला दाणे नकोत. त्याला त्यातलाच चमचाभर चिरडून ताटलीत पसरून द्या. सब्जाही चालतो, पण अर्धा तास तरी भिजून पूर्ण फुललेला. कोरडा सब्जा मुलांच्या हाताला लागू द्यायचा नाही, कारण तोही घशात ओल मिळाली की फुगतो.

मी साताऱ्यात 26 वर्षं बालवाडी चालवते. या सगळ्या काळात खेळाचं सामान निवडताना एकच गोष्ट धरून चालायला शिकले: ही वस्तू तोंडात जाणारच आहे. ‘गेली तर’ असं म्हणायचंच नाही. आणि तोंड म्हणताना नाक आणि कानही त्यात धरायचे. हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात हरभरे आणि वाल निवडायचा खेळ ठेवला होता. मुलं रमली, मीही खूश. पाच-सहा दिवसांनी एका मुलाच्या एकाच नाकपुडीतून घट्ट, घाण वासाचा शेंबूड यायला लागला. आईला वाटलं सर्दी, मलाही तेच वाटलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आतून टम्म फुगलेला हरभरा काढला. तेव्हापासून हे पक्कं डोक्यात बसलंय: सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. एकच वाहत असेल आणि वास येत असेल, तर आत काहीतरी आहे असं समजून डॉक्टरकडे जायचं. घरी पिन, चिमटा, कापसाची काडी घालून काढायला जाऊ नका, ती वस्तू आणखी आत जाते.

आता तुमच्या घरात मुलं दोन, आणि खोल्याही दोन. त्यामुळे सामान ठरणार ते धाकट्याच्या मापाने. थोरलीला बारीक वस्तू द्यायच्या असतील तर तो झोपलेला असताना, आणि तो उठायच्या आत मोजून उचलायच्या. ‘मोजून’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. 12 बटणं मांडली तर 12 परत डब्यात गेली पाहिजेत. बारावं सापडत नसेल तर झाडू घेऊन जमिनीवर पालथं पडायचं.

माप कसं ओळखायचं? तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत एक छोटी नळी वापरतात, 31.7 मिलिमीटर व्यासाची; जी वस्तू तिच्यात पूर्ण बसते ती या वयाला धोक्याची. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याच्याहून थोडी मोठी वस्तूही चालणारी नाही. मी आयांना सोपं सांगते: बाळाच्या मुठीत पूर्ण दडते ती वस्तू बाळाच्या हातात नको. गोल, गुळगुळीत आणि कडक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आणखी सावध. शेंगदाणा, फुटाणा, वाटाणा, चिंचोका, सीताफळाची बी, सागरगोटा. शेंगदाणा तर श्वासनलिकेत अडकण्यात कुप्रसिद्धच आहे; चार वर्षांच्या मुलालासुद्धा आख्खे शेंगदाणे पळता-खेळता खायला देऊ नयेत. फुग्यात पीठ भरून ‘दाबायचा चेंडू’ करतात, तोही नको. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा घशावर चिकटून बसतो आणि ठोकूनही निघत नाही. बटण-सेल आणि लोहचुंबकाचे बारीक मणी ज्या खेळण्यात आहेत ते खेळणं घरातच नको. हे दोन गिळल्याचा नुसता संशय आला तरी केळं खाऊ घालून ‘बाहेर पडेल’ म्हणत थांबायचं नाही, तडक दवाखाना. बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो.

घशात काही अडकलंच तर काय करायचं, तेही इथेच सांगते, कारण वेळ आल्यावर शोधत बसता येत नाही. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, रडता येत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच धपाटे द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा पालथं. वर्षापुढच्या मुलाला पाठीवर पाच धपाटे, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन लावायचा. मूल बेशुद्ध पडलं तर करायचं ते वेगळं असतं आणि ते वाचून येत नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे पुढच्या लसीला जाल तेव्हा बाहुलीवर करून दाखवा म्हणा. तुम्ही शिका, सासूबाईंनाही शिकवा, कारण दुपारी मुलं त्यांच्याजवळ असतात असं तुम्हीच लिहिलंय.

हुश्श. आता खेळ.

अशा खेळांच्या व्हिडिओत दाखवतात त्या पारदर्शक पेट्या विकत आणू नका. आपल्याकडे परात आहे. काठ बुटका, बूड रुंद, दोन मुलं समोरासमोर बसू शकतात, आणि पितळेची असेल तर तिचा आवाजही खेळाचा भाग. फक्त काठावरून बोट फिरवून धार लागत नाही ना बघा. खाली जुनी चादर. तुम्ही हात लांब केला की मुलाचं तोंड हाताला लागेल इतक्या अंतरावर बसायचं. ओट्याशी उभं राहून ‘लक्ष आहे माझं’ म्हणणं हे लक्ष नव्हे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. व्हिडिओ काढायचाच असेल तर दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या.

माझ्या मते या वयाच्या मुलांसाठी जगातला सगळ्यात चांगला खेळायचा गोळा म्हणजे मोदकाची उकड. दुकानातली खेळायची कणीक आणि व्हिडिओतली घरगुती कणीक, दोन्हींत मीठ फार असतं. घरगुतीत तर पिठाच्या निम्मं घालायला सांगतात. टिकावी म्हणून आणि मुलांनी खाऊ नये म्हणून. पण चवीला खारट लागूनही काही मुलं मूठभर खातात, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात तेवढं मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. कच्ची भिजवलेली कणीक आपण सगळ्याच जणी लहानपणी घेऊन बसलो आहोत आणि तिच्याविषयी वाईट बोलायचं माझ्या जिवावर येतं. पण पीठ ही कच्ची वस्तू आहे. शेत, पोतं, गोदाम, गिरणी असा प्रवास करून आलेल्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. नुसतं कढईत भाजून ते मरतीलच असं नाही, कोरड्या आचेला ते चिवट असतात. पाण्यात शिजवून दणदणीत वाफ दिली की प्रश्न मिटतो. उकडीत तेच होतं.

एक वाटी पाणी, चमचाभर तेल, चवीपुरतं मीठ. उकळी आली की एक वाटी तांदळाचं पीठ, भराभर ढवळायचं, आच मंद करून झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ. कोमट झाली की तेल-पाण्याचा हात लावून मळून घ्यायची. नीट मळलेली उकड रेशमासारखी लागते. पूर्ण निवल्याशिवाय मुलांच्या हातात द्यायची नाही. वरून गार वाटते, मधे चटका असतो. रंग हवा असेल तर उकळी आणायच्या पाण्यातच बीट किसून गाळून घ्यायचं, किंवा हळद, किंवा पालकाचा रस. थोरलीला झारा द्या, काटा द्या, शेवेच्या साच्याची चकती द्या, कडेला नक्षी उमटवायला कांगोरे असलेली वाटी द्या. वाळून भेगा पडायला लागल्या की ओल्या फडक्यात गुंडाळा. खेळ संपला की टाकून द्या. उद्यासाठी ठेवू नका. शिजवलेला तांदूळ बाहेर राहिला की त्यात विष तयार करणारे जंतू वाढतात, मग ‘खाल्लं तरी चालतं’ हे खरं राहत नाही.

धाकट्याला मात्र उकडीचा गोळा नको. चिकट गोळा घशात बसतो. त्याच्यासाठी नाचणीचं सत्त्व दाटसर शिजवून, निववून, ताटावर पातळ पसरा आणि त्याला लंगोटावर बसवा. तो थापटेल, ओढेल, केसांना लावेल, चाटेल. सत्त्व त्याच्या जेवणात आधी आलेलं असू दे. जो पदार्थ त्याने अजून खाल्लेलाच नाही तो खेळात पहिल्यांदा देऊ नका, अंगावर पुरळ उठलं तर कशाने ते कळायला हवं. आणि मध एक वर्ष पुरं होईपर्यंत कुठल्याच रूपात नको.

सासूबाईंचं म्हणणं. खरं सांगू? मी अर्धी त्यांच्या बाजूने आहे. किलोभर तांदळाला निळा-जांभळा रंग फासून तो आठवड्याने कचऱ्यात टाकायचा, हे माझ्याच्याने होत नाही. ज्या घरात ताटात शीत ठेवलं तर बोलणी बसायची त्या घरातून मी आले. पण त्यांना विचारा, अक्षता कशा करतात? हळदीचं पाणी आणि तांदूळ, सावलीत वाळवून. तसेच वाटीभर तांदूळ करा. थोरलीला चाळायला, ओतायला, त्यात चमचे पुरायला ते पुरतात. कुंकू मात्र घालू नका. बाजारच्या कुंकवात काय रंग असतो सांगता येत नाही, आणि शेंदरात तर शिसं असू शकतं. आमच्याकडे जोंधळ्याचा एक डबा आहे, दोन-दोन वर्षं चालतो. अधूनमधून उन्हात घालायचा, कडुनिंबाचा पाला टाकून ठेवायचा, बुरशीचा वास आला की बाद. जुने झालेले पण चांगले दाणे पाखरांना. तुमच्या सासूबाईंना हे चालेल असं वाटतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे अन्नाशी खेळणं सोडून अन्नाचं काम देणं. मटाराच्या दिवसांत शेंगा सोलायला थोरलीला बसवा. शेंगेची शिवण सापडणं, टच्च आवाज, आत ओळीने बसलेले दाणे: कुठल्या खेळण्यात हे मिळणार आहे? धाकट्याला त्या वेळी रिकामं टरफलसुद्धा देऊ नका, आतला पापुद्रा घशाला चिकटतो. त्याला आख्खं, धुतलेलं मोठं वांगं किंवा दुधी द्या. त्यावर नख, दात, गाल, सगळं घासून होतं. वांग्याचा देठ काटेरी असतो, तेवढा कापा. मेथी निवडणं, कोथिंबिरीची जुडी सोडणं, लसणाच्या गड्ड्याची सालं फुंकणं ही सगळी या वयाची कामं आहेत. मिरची आणि मिरचीचे हात तेवढे दूर. आणि कच्चा राजमा खेळायला नको. चावून गिळला तर उलट्यांनी हैराण करतो.

पाण्याबद्दल थोडक्यात, पण कडक. परातीत तीन-चार बोटं पाणी पुरतं. गाळणी, फुलपात्र, पळी, काठ घासून गुळगुळीत केलेली करवंटी, सुती फडकं. स्पंज नको, मुलं चावून तुकडे काढतात. खेळ शक्यतो बाथरूममध्येच, म्हणजे फरशी निसरडी झाल्याची भीती एका जागी राहते. दाराची बेल वाजली तर मूल काखोटीला मारून दार उघडायचं, ‘एक मिनिट बस हं’ नाही. बाळ उपडं पडून नाक-तोंड बुडेल एवढंसं पाणीही जीव घ्यायला पुरतं, आणि भरलेली बादली तर सगळ्यात वाईट, कारण डोकं जड असल्याने आत गेलेलं मूल स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. खेळ झाल्या झाल्या बादली रिकामी आणि पालथी. उन्हाळ्यात डब्यात पाणी आणि मोगऱ्याची फुलं घालून एकच मोठा बर्फाचा गोळा करा. बर्फाचे छोटे खडे नकोत. त्यावर थोरलीला कोमट पाणी चमच्याने सोडू द्या. दारात गोकर्ण असेल तर फुलं गरम पाण्यात टाका. निवलेल्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. साडेतीन वर्षांच्या मुलीला हे दहा वेळा करायचं असतं. लिंबं दहा लागत नाहीत, एकच अर्धं पुरतं.

माती. तुम्हाला मातीची भीती वाटते, आणि तुमच्या पिढीतल्या बहुतेक आयांना वाटते. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांचीच साधनं केली. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बाई त्याच वाटेच्या, त्यामुळे आमच्या वर्गात मातीचं घमेलं पहिल्या दिवसापासून आहे. दिवाळीच्या किल्ल्याला चिखल तुडवायला मिळालेलं मूल आणि न मिळालेलं मूल यांच्या हातांत मला फरक दिसतो.

पण माती कुठली, हे बघायचं. इमारतीच्या बांधकामाशेजारची वाळू नको. तिच्यात सिमेंट मिसळलेलं असतं, ते ओलं झालं की कातडी आणि डोळे भाजतं. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, टोकदार असते. मांजरं जिथे घाण करतात तिथली माती नको. चांगली माती आणून चाळा, काच-खिळे बघा, एक दिवस कडक उन्हात पसरा, आणि खेळताना कायम ओली ठेवा म्हणजे धूळ छातीत जात नाही. शाडू उत्तम, तोही ओलाच. रांगोळीची पूड दगड दळून केलेली असते, ती आणि टाल्कम पावडर दोन्ही खेळात नकोत. रांगोळीच हवी तर तांदळाच्या पिठाची. नखं कापलेली, खेळानंतर साबणाने हात, आणि साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवायची नाही. थोरलीला ती लागू आहे. धाकट्याला वर्ष झाल्यावर.

बिया जमवायला निघाल तेव्हा चार झाडं आधी ओळखायला शिका. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर: गावाकडे तिच्या बियांनी मुलं खेळायची, आणि तिची बी हृदयावर परिणाम करणारं जहाल विष आहे. गुंज: लाल-काळी, इतकी सुंदर की मुलाचा हात जाणारच, सोनार तोलायला वापरायचे. फुटलेली किंवा चावलेली गुंज प्राणघातक ठरू शकते. एरंड तसाच. आणि चंद्रज्योत: कुंपणाला असते, तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात, म्हणून शाळेतली मुलं घोळक्याने खातात आणि घोळक्यानेच दवाखान्यात जातात. धोतरा मी मोजत नाही, तो सगळ्यांना माहीत असतो. माझ्या वर्गात आता बिया फक्त पाच वर्षांपुढच्यांना मिळतात, आणि त्याही मी स्वतः आणलेल्या.

वासाचे खेळ सोपे. मलमलच्या तुकड्यात ओवा, दुसऱ्यात वेलदोडा, तिसऱ्यात बडीशेप, दोऱ्याची घट्ट गाठ नाही तर शिवलेली पुरचुंडी, आणि दोरा लोंबता नको. मुलीला डोळे मिटून ओळखू दे. कापूर घालू नका. देव्हाऱ्यात असतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण लहान मुलाने एखाद-दुसरी वडी गिळली तरी झटके येऊ शकतात. बाळाच्या झबल्याला कापराची पुरचुंडी टोचायची पद्धत बंदच करा. डांबरगोळ्या आणि निलगिरीचं तेल याच यादीत.

स्लाइमचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यात डिंकाला घट्ट करायला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स लागतो, आणि तो तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरात नको. तोच लिबलिबीतपणा हवा असेल तर दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळून गरम असतानाच गाळा. जे मिळतं ते हाताला अजब लागतं. भेंडीची देठं रात्रभर पाण्यात घातली तरी होतं. आमच्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस निवळायला हाच भेंडीचा चिकट रस घालतात, त्यामुळे आमची मुलं त्याला ‘गुऱ्हाळाचं पाणी’ म्हणतात. किंवा दोन भाग कॉर्नफ्लोअर, एक भाग पाणी: ठोसा मारला की घट्ट, हात सैल सोडला की पातळ. पाणी घालताना पूड उडते, ते काम तुम्ही करा. नंतर मोरीत ओतू नका, बुडाशी बसून पाइप तुंबतो. वाळू द्या आणि खरवडून टाका.

राहता राहिली मुलगी ओल्याला हात लावत नाही ते. हात धरून चिखलात बुडवू नका. पाहुण्यांसमोर ‘बघा किती नाजूक’ असंही नको. तिला चमचा द्या, झारा द्या, काडी द्या. जाड पिशवीत घट्ट दही आणि हळद भरून, तोंड चिकटपट्टीने बंद करून, चारही बाजूंनी फरशीला चिकटवा. वरून दाबता येतं, हाताला काही लागत नाही. हा खेळ धाकटा झोपल्यावर, आणि संपला की पिशवी लगेच उचला. शेजारी ओलं फडकं ठेवा, हवं तेव्हा हात पुसता येतो हे कळलं की बरीच मुलं स्वतःहून धीट होतात. कोरड्याकडून ओल्याकडे जा: जोंधळे, मग कोरडा रवा, मग दमट रवा, मग उकड. कित्येक महिने लागू द्या. मात्र कपड्यांची शिवण, केस कापणं, मिक्सरचा आवाज, ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही न खाणं, असं बरंच काही जोडीने असेल आणि त्यापायी रोजचा दिवस अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे मुलांच्या अशा रोजच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. घरच्या खेळांनी ते आपोआप जाईल म्हणून वर्ष घालवू नका.

रोज काय करायचं, किती वेळ, असं विचारलंत. रोज नको. आठवड्यातून दोन-तीनदा, वीस मिनिटं, एका वेळी एकच वस्तू. साबुदाणा, पाणी आणि उकड एकाच परातीत मांडलीत की मुलं फक्त कालवतात. धाकटा डोळे चोळायला लागला किंवा थोरली मुठी भरून भिंतीवर फेकायला लागली की परात उचलायची, मग घड्याळात सातच मिनिटं झालेली का असेनात.